मोकळा डोंगर, भरलेलं गाव



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला दाराशीच गाठलं. अमेरिकेत शिकत असलेला मुलगा, सुट्टीवर घरी आलेला. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. "तिकडे एखादं असं स्की रिसॉर्ट सांगा, जिथे गर्दी नाही. मला तिथे जाऊन राहायचंय, कामही तिथेच करायचंय." एका वाक्यात उत्तर देणं आम्हाला जमलं नाही. म्हणून आजचं व्याख्यान हेच उत्तर आहे असं समजा. स्की रिसॉर्ट जगभर आहेत, पण आज आपण मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागापुरतं बोलू. प्रश्न तिथलाच आहे आणि तो सर्वात उघडपणे दिसतोही तिथेच.

सुरुवातीला एक फरक लक्षात घ्या. पाहुणा म्हणून चार दिवस जाणाऱ्याची गर्दी वेगळी आणि तिथे राहून पोट भरणाऱ्याची गर्दी वेगळी. पाहुण्याला गर्दी दिसते ती लिफ्टच्या रांगेत. राहणाऱ्याला ती दिसते भाड्याच्या खोल्यांच्या यादीत. आपल्याकडे म्हणतातच, दुरून डोंगर साजरे. जवळ गेल्यावर पहिला प्रश्न डोंगराचा नसतो. रात्री पाठ टेकायची कुठे, हा असतो.

पण आधी पाहुण्याच्या गर्दीचंच बघू. ती नेमकी मोजायची कुठे? तीन जागा आहेत. पहिली रस्ता आणि पार्किंग. दुसरी लिफ्टची रांग. लिफ्ट म्हणजे तारेला लटकलेल्या खुर्च्या, ज्या तुम्हाला वर नेऊन सोडतात. आणि तिसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष उतार, जिथून तुम्ही घसरत खाली येता. या तिन्ही गर्दी एकदम वाढतात किंवा एकदम घटतात असं मुळीच नाही. जुन्या पद्धतीची दोन माणसांची लिफ्ट तासाला साधारण १,२०० माणसं वर नेते. नव्या वेगवान, चार माणसांच्या लिफ्टवर हाच आकडा २,४०० च्या आसपास जातो. म्हणजे नवी लिफ्ट आली की रांग आखूड होते, पण उतारावरची माणसं वाढतात.

पूर्वेकडचं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. व्हर्मांट राज्यात मॅड रिव्हर ग्लेन नावाचं ठिकाण आहे. १९४८ साली सुरू झालेलं. तिथल्या मुख्य लिफ्टच्या एका खुर्चीत एकच माणूस बसतो. १९९५ पासून हा डोंगर सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे, आणि त्याचे भागधारक म्हणजे तिथे येणारे स्कीअरच. ही लिफ्ट जीर्ण झाली तेव्हा मोठी लिफ्ट बसवता आली असती. त्यांनी ती जुनीच, एका खुर्चीची लिफ्ट नव्याने दुरुस्त करून घेतली. रांगेत थांबू, पण उतार मोकळा राहू दे, हा त्यांचा हिशेब. तेव्हा कोणी म्हणालं की अमुक ठिकाणी गर्दी नसते, तर लगेच विचारायचं, कुठली गर्दी?

आता पुढचा प्रश्न. एखादा डोंगर मोकळा का असतो? हा धंदाच मुळात गर्दी जमवण्यासाठी उभा राहिला आहे. १९३६ साली आयडाहोमध्ये सन व्हॅली सुरू झालं. ते सुरू केलं युनियन पॅसिफिक रेल्वेने. कंपनीचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांना आपल्या गाड्यांसाठी प्रवासी हवे होते. जगातली पहिली खुर्च्यांची लिफ्ट तिथेच बसली. तिची कल्पना, बघा, केळ्यांचे घड जहाजावर चढवणाऱ्या यंत्रावरून रेल्वेच्याच एका इंजिनिअरने, जेम्स करन यांनी घेतली होती. सांगायचा मुद्दा असा की जास्तीत जास्त माणसं डोंगरावर चढवणं हे पहिल्या दिवसापासूनचं काम आहे. मग जिथे माणसं नाहीत, तिथे काहीतरी कारण असणारच. ते कारण ओळखल्याशिवाय सामान बांधायचं नाही.

पहिलं कारण अंतर. कोलोरॅडोत डेन्व्हर शहरातून आय-७० हा महामार्ग पश्चिमेला डोंगरात शिरतो. १९७३ साली त्यावर आयझेनहॉवर बोगदा खुला झाला आणि ब्रेकेनरिज, कॉपर, व्हेल ही सगळी ठिकाणं शहरातून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आली. शनिवारी सकाळी तो रस्ता गाड्यांनी तुंबतो. त्याच राज्याच्या दक्षिणेला वुल्फ क्रीक आहे. कोलोरॅडोत सर्वात जास्त बर्फ पडणाऱ्या ठिकाणांत त्याची गणना होते, पण डेन्व्हरहून तिथे पोहोचायला चार-पाच तास लागतात.

दुसरं कारण पास. २००८ साली एपिक पास आला. ५७९ डॉलरमध्ये हंगामभर अनेक डोंगर. २०१८ मध्ये त्याला आयकॉन पासची स्पर्धा आली. हे पास हंगामाआधी विकले जातात, त्यामुळे बर्फ पडो न पडो, कंपनीचे पैसे आधीच जमा होतात. ग्राहकाचंही पैसे भरून झालेले, म्हणून तो जास्त वेळा येतो. जो डोंगर या दोन्ही पासांत नाही, तो साहजिकच जरा निवांत राहतो. २०१९ पासून छोट्या डोंगरांसाठी इंडी पास आहे, पण त्यात एका डोंगरावर दोनच दिवस मिळतात, त्यामुळे लोंढा येत नाही.

तिसरं कारण, पायथ्याशी राहायची सोय नसणं. वुल्फ क्रीकच्या पायथ्याला हॉटेलं नाहीत. लोक पॅगोसा स्प्रिंग्ज किंवा साउथ फोर्कला राहतात आणि गाडीने येतात. चौथं कारण, डोंगर रोज सुरू नसणं. माँटाना आणि आयडाहोच्या सीमेवरचं लॉस्ट ट्रेल आठवड्यातून चारच दिवस, गुरुवार ते रविवार चालतं.

आणि पाचवं कारण म्हणजे पैसा. निवांतपणा हाच आता विकायचा माल झाला आहे. माँटानातला यलोस्टोन क्लब सभासदांखेरीज कोणासाठीच नाही. यूटामधलं पावडर माउंटन कित्येक वर्षं रोजची तिकिटं मोजून विकायचं. गर्दी नसलेला डोंगर अशी त्याची ख्यातीच होती. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज त्याचे मुख्य मालक झाले आणि पुढच्या हंगामापासून काही लिफ्ट तिथे घरं घेणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या.

आता ही कारणं कामगाराच्या बाजूने वाचा. चित्र एकदम बदलतं. शहरापासून लांब, म्हणजे दवाखाना लांब, किराणा लांब, आणि गाडी बंद पडली तर तुम्ही अडकलात. पायथ्याला हॉटेल नाही, म्हणजे हॉटेलातली नोकरीही नाही. आठवड्यातून चार दिवस सुरू, म्हणजे पगारही चारच दिवसांचा. छोट्या डोंगरांकडे कृत्रिम बर्फ करण्याची यंत्रं बहुधा कमी असतात, काहींकडे नसतातच. नोव्हेंबर कोरडा गेला की हंगाम डिसेंबरवर ढकलला जातो, आणि तोपर्यंत लिफ्ट चालवणाऱ्याच्या हातात एक डॉलर पडत नाही. बर्फ नाही तर शिफ्ट नाही, इतकं साधं गणित आहे. पाहुणा ज्याला शांतता म्हणतो, ती कामगाराच्या पगाराच्या चिठ्ठीत कमी तास म्हणून उतरते.

तुम्ही म्हणाल, मग मोठ्या, गर्दीच्या डोंगरावर जावं का? त्यातही एक गंमत आहे. जो तिथेच राहतो, त्याला उतारावरची गर्दी तितकी जाचत नाही. ही गर्दी वर्षाच्या ठरावीक दिवसांत साचते. नाताळ ते नवीन वर्ष, जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा लांब वीकेंड, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा वीकेंड आणि बाकीचे शनिवार-रविवार. त्या दिवशी कामगार कामावरच असतो. त्याची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी येते, आणि जानेवारीतल्या मंगळवारी मोठमोठे डोंगरही रिकामे असतात. नोकरीबरोबर हंगामाचा पास बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. म्हणजे मोकळा उतार हवा असेल तर तो कामगाराला गर्दीच्या ठिकाणीही मिळू शकतो.

मिळत नाही ते छप्पर. आणि आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

वायोमिंगमधल्या जॅक्सनचं उदाहरण घ्या. त्या काउंटीतली सुमारे ९७ टक्के जमीन सार्वजनिक आहे. राष्ट्रीय उद्यानं आणि राष्ट्रीय वनं. तिथे घरं बांधता येत नाहीत. उरलेल्या चिमूटभर जमिनीवर श्रीमंतांची दुसरी-तिसरी घरं, जी वर्षातले कित्येक महिने कुलूपबंद असतात. मग वेटर, नर्स, शिक्षक, बसचालक राहतात कुठे? पुष्कळ जण टीटन खिंड ओलांडून पलीकडे आयडाहोतल्या व्हिक्टर आणि ड्रिग्जला राहतात आणि ८,४०० फुटांहून उंच खिंडीतून रोज ये-जा करतात. ८ जून २०२४ ला त्या खिंडीतल्या रस्त्याचा एक मोठा तुकडा दरड खचून अक्षरशः नाहीसा झाला. वळसा घालून जायचं तर एकेरी प्रवासात तासाभराहून अधिक भर. २८ जूनला तात्पुरता रस्ता सुरू झाला, पण त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट सगळ्यांना दिसली. जॅक्सन हे गाव ज्यांच्या हातांवर चालतं, ती माणसं त्या गावात राहतच नाहीत.

सन व्हॅलीच्या शेजारच्या केचम गावात २०२१ मध्ये वेळ अशी आली की कामगारांना गावातल्या बागेत तंबू ठोकू द्यावेत का, यावर नगरपालिकेत चर्चा झाली.

याचा रांगेशी काय संबंध, असं वाटेल. सरळ संबंध आहे. कामगाराला घर नाही, म्हणून कामगार येत नाही. कामगार नाही, म्हणून लिफ्ट बंद. लिफ्ट बंद, म्हणून चालू असलेल्या लिफ्टसमोर रांग. २०२१-२२ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पासला नेमकं हे घडलं. माणसं कमी पडल्यामुळे डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि चिडलेल्या ग्राहकांनी हजारो सह्यांचं निवेदन काढलं. २०२४ च्या डिसेंबरअखेर यूटामधल्या पार्क सिटीत स्की पॅट्रोलचे सुमारे २०० लोक संपावर गेले. स्की पॅट्रोल म्हणजे हिमस्खलनाचा धोका आधी निवारणारे आणि जखमींना डोंगरावरून खाली आणणारे लोक. मागणी होती सुरुवातीचं वेतन तासाला २१ डॉलरवरून २३ डॉलर करण्याची. ऐन सुट्टीत १३ दिवस संप चालला, अर्ध्याहून जास्त डोंगर उघडता आला नाही आणि पाहुणे रांगांत ताटकळत राहिले. दोन डॉलरची ती मागणी आली होती गावातल्या महागाईतून.

यावर काही गावांनी मार्ग शोधले आहेत, तेही बघायला हवेत. कॅनडातल्या व्हिस्लरने १९९७ मध्ये घरांसाठी वेगळं प्राधिकरण स्थापन केलं. किमान ७५ टक्के कामगार गावातच राहिले पाहिजेत, हे त्यांचं उद्दिष्ट. कोलोरॅडोतल्या व्हेलने २०१७ पासून वेगळीच युक्ती केली. नगरपालिका घरमालकाला रोख पैसे देते. बदल्यात मालक घराच्या कागदपत्रांत कायमची अट घालून देतो, की या घरात त्याच काउंटीत आठवड्याला ३० तास काम करणारा माणूसच राहील. घर मालकाचंच, ते विकताही येतं, पण अट घराबरोबर पुढे जाते. तेव्हा गाव निवडताना अशी योजना आहे का, एवढा एक प्रश्न जरूर विचारा.

काही रिसॉर्ट स्वतः खोल्या देतात. चांगली सोय आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. एका खोलीत दोघं-तिघं, भाडं पगारातून कापलेलं, आणि खोली नोकरीला बांधलेली. गुडघा मोडला, शिफ्ट गेली, वरिष्ठाशी खटका उडाला की नोकरी जाते आणि त्याबरोबर छप्परही. भर जानेवारीत, बाहेर शून्याखाली वीस असताना. घरमालक आणि मालक एकच असला की माणूस तोंड उघडायला कचरतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

मग त्या मुलाला आम्ही काय सांगावं? आमचं उत्तर असं. डोंगर निवडू नकोस, आधी गाव निवड. असं गाव, ज्याचं पोट पर्यटनावर चालत नाही, आणि ज्याच्या तासाभराच्या अंतरावर एक साधासा डोंगर आहे.

पूर्व ओरेगॉनमध्ये अँथनी लेक्स आहे. खुर्च्यांची एकच लिफ्ट, ना-नफा तत्त्वावर चालणारा डोंगर. खाली ला ग्रँड आणि बेकर सिटी ही गावं. ला ग्रँडला विद्यापीठ आहे, इस्पितळ आहे, म्हणजे बारमाही नोकऱ्या आहेत. आयडाहोची राजधानी बॉइझी आणि तिच्या डोक्यावरचं बोगस बेसिन. १९४२ पासूनचं आणि तेही ना-नफा. तिथे रविवारी गर्दी होते, पण शहरात राहून डोंगरावर अर्धवेळ काम करता येतं. कोलोरॅडोत लेडव्हिल हे १०,००० फुटांहून उंचावरचं जुनं खाणगाव. त्याच्याजवळ स्की कूपर आहे. दुसऱ्या महायुद्धात दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या सैनिकांना शिकवण्यासाठी तयार झालेला डोंगर, आज काउंटीच्या मालकीचा. उतार सौम्य, वातावरण घरगुती. मात्र लेडव्हिलमध्येही आता व्हेल आणि कॉपरला कामावर जाणारे लोक येऊन राहतात, त्यामुळे तिथलीही भाडी चढली आहेत. यालाच आम्ही गर्दीचं सरकणं म्हणतो. ती नाहीशी होत नाही. खिंड ओलांडून पुढच्या गावात जाते.

अशा गावात राहायचं तर एक तडजोड करावी लागते. पूर्ण वेळ रिसॉर्टची नोकरी हे स्वप्न थोडं बाजूला ठेवावं लागतं. आठवडाभर इस्पितळात, शाळेत, गॅरेजमध्ये किंवा लॅपटॉपवर काम, आणि शनिवार-रविवार डोंगरावर मुलांना शिकवणं किंवा लिफ्ट चालवणं. पण एप्रिलच्या मध्यावर लिफ्ट बंद झाल्यावरही तुमच्या हातात नोकरी राहते. रिसॉर्टच्या गावात एप्रिल-मे हा चिखलाचा हंगाम म्हणून ओळखला जातो. बर्फ वितळतो, दुकानं बंद, कामं बंद. भाडं मात्र चालूच.

आता आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, कारण विचारणारा मुलगा विद्यार्थी व्हिसावर होता. एफ-१ व्हिसावर कॅम्पसबाहेर मनाला येईल ती नोकरी करता येत नाही. वेगळी परवानगी लागते आणि ती साधारणपणे शिक्षणाच्या विषयाशीच जोडलेली असते. लिफ्ट चालवणं त्यात बसत नाही. तिथे पेरू, अर्जेंटिना, चिलीची मुलं काम करताना दिसतात, ती जे-१ व्हिसावर जास्तीत जास्त चार महिन्यांसाठी आलेली असतात. त्यांची उन्हाळ्याची सुट्टी आणि उत्तरेचा हिवाळा जुळतो, म्हणून. हंगामी कामांसाठीच्या एच-२बी व्हिसाला वर्षाला ६६,००० ची मर्यादा आहे. एच-१बीवर असलेले आपले आयटीवाले म्हणतात, आम्ही डोंगरात बसून काम करू. पण त्या व्हिसात कामाची जागाही ठरलेली असते. दूरच्या गावात बसून तेच काम करायचं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. हे न करता निघालात तर गमवायला फक्त नोकरी नसते, तिथलं राहणंही असतं. म्हणून आधी व्हिसा, मग गाव, मग डोंगर. या क्रमात बदल नको.

शेवटी, नोकरी हातात आली तर सही करण्याआधी विचारायचे प्रश्न एकदा म्हणून टाकतो. लिहून घ्या. आठवड्याला किमान किती तास मिळतील, आणि बर्फ उशिरा पडला तर? खोली देणार असाल तर नोकरी संपल्यावर किती दिवसांत सोडायची? खोली नसेल तर मागच्या हंगामातले तुमचे लोक कुठे राहिले? हिवाळ्यात कामावर यायला बस आहे का, रस्ता किती वेळा बंद होतो? दुखापत झाली तर उपचार कुठे आणि खर्च कोणाचा? आणि मागच्या वर्षीचे किती लोक यंदा परत आलेत? यातलं शेवटचं उत्तर नीट ऐका. जिथे माणसं वर्षानुवर्षं परत येतात, तिथे छप्पर आणि पगार यांचा काहीतरी मेळ बसलेला असतो.

त्या मुलाला आम्ही हे सगळं सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे मी गेलो की तिथली एक खोली कमी होणार." हो, होणार. म्हणून ज्या गावात जाल, तिथे एक हंगाम काढून निघून येणारे पाहुणे होऊ नका. चिखलाच्या हंगामातही तिथे थांबता येईल का, ते आधी बघा.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.